दुसरा कोंब

यासू आजीने ती जागा आपल्या पोटच्या मुलालाही दाखवली नव्हती. मुलगा तसा चांगला आहे. सैतामाहून वर्षातून दोनदा मोटार घेऊन येतो, पन्हळीतला पाला काढतो, आईच्या गुडघ्यांना मलम चोळतो. पण त्याच्या पोटात काही म्हणून राहत नाही. "त्याला सांगितलं की तो साहेबाला सांगणार, साहेब बायकोला सांगणार," आजी म्हणायची. "त्यापेक्षा बस थांब्यावर पाटीच लावते की."

कामिसावा वाडीत हे काही जगावेगळं नाही. तारा नावाच्या रानझाडाचे खायचे कोंब कुठे फुटतात आणि अळंबी कुठे उगवते, हे तिथली माणसं मरायला टेकल्यावर सांगतात, तेही समोरच्याची लायकी पाहून. ओगिवारा-सानचे वडील तर न सांगताच गेले. ओगिवारा-सान आता स्वतः सत्तरीला आले, तरी दर शरदात बापाच्या नावाने बोटं मोडत डोंगर धुंडाळतात. अशा वाडीत यासू आजीने आपली जागा नेलिदाला दाखवली, आणि नेलिदाने आठ दिवसांत तिचं वाटोळं केलं.

नेलिदा अराकाकी. आजोबा ओकिनावाचे, जन्म लिमाचा, वय सेहेचाळीस. आडनाव जपानी, चेहरा थोडाफार जपानी, बाकी बाई पक्की पेरू देशाची. वीस वर्षांपूर्वी ती आली ती खाली शहरात, तयार जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात. नऊ वर्षं तिने सरकत्या पट्ट्याशेजारी उभं राहून भातावर एकेक खारवलेला आलुबुखार ठेवला. मग एक दिवस टोपी आणि हातमोजे काढून ठेवले आणि डोंगरात आली. रिकामं पडलेलं एक घर भाड्याने घेतलं, गरम झऱ्यावरच्या जुन्या हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला लागली. वाडीत परदेशी म्हणावं असं दुसरं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नेलिदाला ते आवडत होतं. खालची माणसं आणि आपण यांत मध्ये दीड तासाचा घाट आहे, असं तिला वाटायचं.

तिचं इंटरनेटवर एक पान होतं. स्पॅनिशमध्ये. एप्रिलमध्ये चेरीखाली चटई अंथरून खाल्लेले डबे, मे महिन्यात ओकच्या पानात गुंडाळलेली भाताची मिठाई, भर उन्हाळ्यातला वाम मासा, शरदातल्या पूर्ण चंद्रापुढे रचलेले पिठाचे लाडू, थंडीत लिंबं तरंगणाऱ्या गरम पाण्यात बसणं. जे खाईल, जिथे जाईल ते लिहायची. प्रत्येक सहलीखाली वाट लिहायची, बस किती वाजता, कुठे उतरायचं, कुठून वळायचं. लोकांना ते फार आवडायचं. बाराशे वाचक होते. हे बाराशे लोक लिमात खिडकीशी बसून उसासे टाकतात, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. ते कुठले, हे तिने कधी विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात यासू आजी दारात उभी राहिली. पाठीला टोपली, हातात आकडी, मनगटांवर निळ्या कापडाच्या पट्ट्या, पांढऱ्या दोऱ्याने भरलेल्या. त्या तिने स्वतःच शिवलेल्या, तीस वर्षांपूर्वी.

"चल. गुडघे आता एकटीला जाऊ देत नाहीत," ती म्हणाली.

"कुठे, आजी?"

"कुठे म्हणून विचारायचं नसतं. मागून यायचं."

शेवटच्या बस थांब्यापासून वर, दगडातल्या घोडामुखी देवीला डावीकडे ठेवून, ओढा ओलांडून, देवदारांच्या मागे एक उघडा उतार होता. तिथे ताराची पन्नासेक झाडं उभी होती, सरळसोट, काटेरी, फांदी नसलेली. प्रत्येकाच्या शेंड्याला बोटभर हिरवा कोंब. नेलिदा तोंड उघडं टाकून पाहत राहिली.

आजीने आकडीने एक झाड वाकवलं, शेंड्याचा कोंब खुडला आणि झाड हळूच सोडून दिलं. "हा आपला. याच्याखाली दुसरा फुटेल. तो झाडाचा. तो घेतला की झाड त्या वर्षी मेलं. कळलं?"

"कळलं."

"सगळे कळलं म्हणतात."

"मला का दाखवलंत?" नेलिदाने विचारलं. ते तिला ऐकायचंच होतं.

"तू सांगणार कुणाला?" आजी म्हणाली. "तुझं इथे आहे कोण?"

त्यातला टोमणा नेलिदाने बाजूला ठेवला आणि मान तेवढा घेतला.

दुपारी आजीच्या ओसरीवर टेम्पुरा झाला. पातळ पीठ, चुरचुरतं तेल, वरून फक्त मीठ. मीठसुद्धा आजीने चहाची हिरवी पूड घालून कुटलेलं. कोंब आधी कुरकुरीत लागला, मग मऊ, आणि मग मागून तो कडवटपणा आला. नेलिदाने डोळे मिटले. तिने फोटो काढले: कोंबांचे, तेलाचे, आणि कोंब धरलेल्या आजीच्या हातांचे. चेहऱ्याचा काढला नाही, कारण आजीला आवडलं नसतं. एवढी सभ्यता तिने पाळली.

संध्याकाळी तिने लिहिलं. लिहिताना तिला नेहमी भरून येतं, तसं आलं. आई लिमात वारली तेव्हा मी इथे डबे भरत होते, हा कडवटपणा मला ओळखीचा आहे, असं काहीतरी. मिठाबद्दल एक परिच्छेद लिहिला, आजीच्या पट्ट्यांबद्दल एक. खाली सवयीने वाट लिहिली. शेवटचा थांबा, घोडामुखी देवी, ओढा, देवदार. बोट तिथे जरासं अडलं होतं. पण ही भाषा इथे वाचतंय कोण, असं म्हणून तिने ते पुढे ढकललं. ते अडलेलं बोट तिला पुढे फार आठवलं.

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या. रविवारी हॉटेल भरलेलं होतं, नेलिदा सकाळपासून दुपारपर्यंत मासे भाजत होती. सोमवारी वाडीचा रस्ता साफ करायचा दिवस. त्या दिवशी घरटी एक माणूस विळा किंवा फावडं घेऊन येतं, कडेचं गवत कापतं, गटारं उपसतं, आणि मग सभागृहात भाताचे मुटके आणि चहा. अकरा वर्षांत नेलिदाने एकही चुकवला नव्हता.

गवत अर्धं कापून झाल्यावर ओगिवारा-साननी सगळ्यांना थांबवलं. ते वाडीचे प्रमुख. नोकरी घाटातली बस चालवण्यात गेली, त्यामुळे सरळ बोलायची सवय. वळणं सगळी रस्त्यावरच संपवली.

"काल सात गाड्या आल्या होत्या," ते म्हणाले. "शेवटच्या थांब्यावर लावल्या. परदेशी माणसं, बायका-पोरांसकट. हातात फोन, फोनमध्ये बघून बघून वर चालली होती. घोडामुखीशी उभं राहून फोटो काढले. संध्याकाळी मी वर जाऊन आलो. देवदारांच्या मागे ताराची झाडं होती. निम्मी संपली. शेंडा, दुसरा, तिसरा, सगळे कोंब साफ. दहा-बारा तर करवतीने कापलीत."

मग ते आजीकडे वळले. "यासू-सान, तुमची आकडी तिथे पडलेली दिसली. ती जागा तुमची, हे मला ठाऊक नव्हतं बरं का."

"आम्हालाही नव्हतं," तीन बायका एकदम म्हणाल्या.

यासू आजी गटारातला गाळ ओढत होती. तिने वर पाहिलं नाही.

हातात फोन, घोडामुखी, देवदार. नेलिदाला पुढचं ऐकायची गरज नव्हती. तिला कळलं की ते बाराशे लोक लिमात बसलेले नव्हते. ते खाली बसले होते, तिच्याच जुन्या पट्ट्याशेजारी, गाड्यांचे भाग जोडत आणि डबे भरत, आणि तिचं पान जेवणाच्या सुट्टीत वाचत. आता बोलावं, असं तिच्या मनात आलं. चार शब्दांचं काम होतं. मी लिहिलं, मी सांगितलं. पण तिने विळा पुन्हा गवतात घातला.

"नेलिदा-सान, तुम्हाला काही कल्पना?" ओगिवारा-साननी विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. तिला विचारायचं नाही तर कुणाला. "तुमच्या देशाची असतील का?"

सगळे तिच्याकडे वळले. नेलिदा म्हणाली, "असतीलही. खालच्या कारखान्यांत बरेच आहेत. मी त्यांच्यात उठबस ठेवत नाही."

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण भ्यालेलं माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतं. "त्या लोकांना शिस्त नसते," ती म्हणाली. "दिसेल ते ओरबाडायचं. म्हणून तर मी तिथून निघून आले."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "तेच म्हणतो मी," ओगिवारा-सान म्हणाले. "तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही आमच्यातल्याच."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. हे वाक्य ऐकायला नेलिदाने अकरा वर्षं गटारं उपसली होती, अंत्यविधींना चहा ओतला होता, सणाला पहाटे उठून भात कुटला होता. आणि ते आलं ते असं. तिने वाकून आभार मानले. वाकताना तिला तिचे बूट दिसले, चिखलाने भरलेले, आणि वर येऊच नये असं वाटलं.

मुटके खाताना ठरलं की तिथे फळी लावायची, त्यांच्या भाषेत. लिहिणार कोण, हे विचारायचं कारणच नव्हतं. ओगिवारा-साननी फळी आणली, काळा रंग आणला, मजकूर सांगितला. सगळे भोवती उभे राहिले. नेलिदाने आपल्या सुंदर अक्षरात, आपल्या आईच्या भाषेत लिहिलं: परक्यांना येथे प्रवेश नाही. शेवटचं अक्षर जरा फाकलं. "वा, छापल्यासारखं," कुणीतरी म्हणालं.

रंग वाळल्यावर यासू आजी उठली. "जागा माझी आहे, तर मीच दाखवते कुठे ठोकायची. नेली, फळी घे. हातोडी घे."

दोघी वर निघाल्या. आजी काठीवर, नेलिदा फळी काखोटीला मारून. वाटेत नेलिदा मनात वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य पहिल्या शब्दाला मोडत होतं.

उताराची वरची बाजू जशीच्या तशी होती. खालची बाजू बघवत नव्हती. बोडक्या काठ्या उभ्या होत्या, आणि जिथे काठ्याही नव्हत्या तिथे ताजे, ओलसर बुंधे. एका बुंध्याला कुणीतरी फडकं गुंडाळून घट्ट दोरी बांधली होती, जखमेला बांधतात तशी. नेलिदाला ते विचित्र वाटलं.

"मी होते इथे काल," आजी म्हणाली.

नेलिदाने फळी खाली ठेवली.

"मी उशिरा पोचले, गुडघ्यांमुळे. तोवर खालची बाजू उरकत आली होती. एक जाडा होता, एफ्राइन का काय, त्याची म्हातारी आई होती. तिने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. आमच्या माणसाने उभ्या जन्मात घेतले नव्हते." आजी एका दगडावर बसली. "मला डबा दिला. हिरवा भात, कोंबडी घातलेला. बरा होता, मीठ जरा जास्त. मग जाड्याने फोन काढला आणि म्हणाला, आजी, हे हात तुमचेच ना? पट्ट्या ओळखल्या त्याने."

नेलिदाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती उभीच राहिली, कारण बसायचा तिला हक्क वाटेना.

"मी म्हटलं, वाच. त्याने वाचून दाखवलं, अडखळत, आमच्या भाषेत करून. तुझ्या आईचं आलं तेव्हा रडला. छान लिहितेस तू. माझ्या मिठाबद्दल केवढं लिहिलंयस." आजीने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. "मी विचारलं, दुसऱ्या कोंबाचं कुठे आहे? बिचारा वर-खाली शोधायला लागला. दोनदा शोधलं. म्हणाला, आजी, तसं काही लिहिलेलं नाही."

खाली ओढा वाजत होता. नेलिदाला आठवलं, तिने ते मुद्दाम वगळलं नव्हतं. चवीच्या भरात ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मुद्दाम वगळलं असतं तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं.

"मी सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पोरांना रांगेत उभं केलं, सगळे वाकले, त्याची आईसुद्धा वाकली. वरच्या बाजूला मग हात लावला नाही कुणी. ते फडकं त्या म्हातारीने बांधलंय. मी म्हटलं, अगं, उपयोग नाही त्याचा. तरी बांधलं. शरदात मुळांचे तुकडे लावायला येतो म्हणालाय."

"आजी, मग सकाळी सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

नेलिदाच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजीने ते पाहिलं, पण समजूत घातली नाही. फळीकडे बोट दाखवून म्हणाली, "काय लिहिलंयस? वाच."

नेलिदाने वाचलं.

"आता मला कळेल असं वाच."

"परक्यांना... इथे प्रवेश नाही."

"हं." आजी जराशी विचारात पडली. "मी पलीकडच्या खोऱ्यातून लग्न होऊन आले. चाळीस वर्षं हे लोक मला पलीकडची म्हणत होते. एकीनेही आपली जागा दाखवली नाही. ही मी एकटीने हिंडून शोधली." ती काठी टेकून उठली. "तुला वाटत असेल तर ठोक."

"नाही ठोकत."

"मग घेऊन जा खाली. जड आहे, मला नाही झेपायची."

"आजी, पुढच्या वर्षी मी..."

"पुढच्या वर्षी या खालच्या बाजूला कोंब नाहीत. मुळं लावली तर तीन वर्षं लागतात," आजी म्हणाली. "मी एक्याऐंशीची आहे." त्यात राग नव्हता, हिशेबही नव्हता. ती नुसतं सांगत होती, आणि नेलिदाला तेच सोसवलं नाही.

ओगिवारा-सान घरामागे कांद्यांना माती लावत होते. नेलिदा फळी घेऊन बांधावर उभी राहिली, आणि कमरेतून वाकली, आणि वाकलेली असतानाच सगळं बोलली. पान, फोटो, वाट, बाराशे लोक, दुसरा कोंब, शरदात मुळं लावायला येणारी माणसं. "ती माझीच माणसं आहेत," ती म्हणाली. "त्यांना नियम ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता."

ओगिवारा-साननी खुरपं मातीत रोवलं.

"सकाळी मी म्हणालो होतो, तुम्ही आमच्यातल्याच."

"हो."

"ते मी परत घेतो म्हटलं तर?"

"घ्या," नेलिदा म्हणाली.

त्यांनी मान हलवली. घेतलं. अकरा वर्षांत मिळालेली गोष्ट तिच्याजवळ पुरता अर्धा दिवसही टिकली नाही, आणि गंमत म्हणजे ती गेल्यावर नेलिदाला सरळ उभं राहता आलं. चेहरा मात्र तापलेलाच होता.

"फळी तिथे टेकवून ठेवा. शरदात येतील ते, तर गाड्या माझ्या अंगणात लावायला सांगा. थांब्यावर लावल्या की बस वळत नाही." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "ते दुसऱ्या कोंबाचं आता तरी लिहिलंत का?"

तिने लिहिलं नव्हतं. वाट मात्र अजून तिथेच होती. नेलिदाने बांधावर बसून फोन काढला. ओगिवारा-सान खुरपं हातात धरून उभे राहिले, जसे ते पूर्वी शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत बस धरून उभे राहायचे. तिने आधी वाट पुसली. मग लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"वरचा कोंब घ्यायचा. दुसरा झाडाचा असतो. हे मला सांगितलेलं होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

"आणि सकाळी तुम्ही त्यांच्याबद्दल जे बोललात ते?"

नेलिदाचा अंगठा थांबला. हे त्या जाड्या माणसाची आई वाचणार होती, तिने बांधलेलं फडकं अजून त्या बुंध्याला होतं. ओगिवारा-साननी घाई केली नाही. तिने नाक पुसलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: आज सकाळी मला विचारलं की ही तुमची माणसं का, आणि मी म्हणाले, मी त्यांच्यात उठबस ठेवत नाही.